चार माणसांपुरती खोली

वाशीम

अकोल्याहून माझी वाशीमला बदली झाली तेव्हा घरात आम्ही पाच माणसं होतो. मी, बायको वच्छला, मुलगी विजयमाला, तिच्या पाठचा धाकटा आणि माझी माय, भागिरथाबाई.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. दुष्काळ नुकताच सरला होता, पण दुष्काळी कामांसाठी उघडलेली ऑफिसं अजून बंद झाली नव्हती. बाहेरगावची माणसं वाशीमात येऊन पडली होती आणि भाडी माझ्या पगाराच्या वर गेली होती. तरी बाजाराच्या मागे एक खोली जमत आली. बोलणं झालं. माय आत जाऊन चूल पाहून आली, मोरी पाहून आली. बाहेर येऊन तिनं घरमालकाला हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम, दादा."

ती सगळ्यांनाच म्हणते. कंडक्टरला, डॉक्टरला, गवळ्याला. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाऊन आली, त्यानंतर तिच्याजवळ दुसरा नमस्कारच उरला नाही.

घरमालकाने हात जोडले, पण ते पूर्ण जुळले नाहीत. मग त्याला आठवलं की हिंगोलीहून त्याचा पुतण्या राहायला येणार आहे.

परतताना माय म्हणाली, "लयच लौकर जन्मला त्याचा पुतन्या. आपन चूल पाह्यली तवा तं नव्हता."

वच्छला हसली. पोरं हसली. मी हसलो नाही. राग घरमालकाचा यायला हवा होता. मला मायचा आला. भर रस्त्यात तिला विचारलं, सगळ्यांशी बोलायलाच पाहिजे का तुला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला रिसोडकडच्या आमच्या गावी पोचवून आलो. घर मिळालं की नेतो, म्हणालो. बाकीचे आम्ही ऑफिसातल्या एकाच्या पडवीत राहत होतो. त्याच्याकडे लग्न निघालं होतं, पडवी मोकळी करून द्यायची होती. वाशीम परवडत नाही, तर सकाळच्या एस्टीने ऑफिस गाठता येईल असं एखादं गाव पाहायचं ठरलं.

शिरपूर

घरी सांगितलं ते: पाणी लांब आहे. जमणार नाही.

झालं ते: पाणी जवळ होतं. विहीर अंगणातच होती.

उकंडरावांचं घर जैन मंदिराच्या अलीकडच्या गल्लीत. ओटा शेणाने सारवलेला, दाराशी तुराट्यांचा भारा. माणूस मोकळा होता. नाव विचारलं, मी सांगितलं, गोविंदा वानखडे.

"वानखडे म्हंजे आमच्यातलेच," ते म्हणाले.

आमच्या भागात वानखडे दोन्हीकडे आहेत, त्यांच्यातही आणि आमच्यातही. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

"मानसं किती?"

"चार."

"अन् मायबाप?"

"नाहीत."

बाप खरंच नव्हता. त्याच्या मागे मायलाही त्याच शब्दात बसवली. शब्द बाहेर पडताना अडखळला नाही, याचंच मला नवल वाटलं.

उकंडरावांच्या सुनेने पाणी आणलं. एक पेला माझ्या हातात दिला. दुसरा माझ्या डाव्या बाजूला, ओट्यावर, हातभर अंतरावर ठेवला. ठेवताना डोक्यावरचा पदर पुढे ओढला, वडीलधाऱ्या बाईसमोर ओढतात तसा. मला वाटलं सासऱ्यासाठी असेल. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग त्यांनी विचारलं, वानखडे कोणत्या गावचे, तिकडे आमची सोयरीक आहे. मी एस्टीची वेळ झाल्याचं सांगून उठलो.

गल्लीच्या वळणावरून मागे पाहिलं. सून पेले उचलत होती. तिनं दुसरा पेला पालथा केला. त्यातून काही सांडलं नाही.

मेडशी

घरी सांगितलं ते: घर बरं आहे, पण सकाळची गाडी ऑफिसच्या वेळेला पोचत नाही.

झालं ते: गाडी खरंच पोचत नाही. इथे मी खोटं बोललो नाही. फक्त जाताना बसमध्ये जे झालं ते सांगितलं नाही.

बाजाराचा दिवस होता. कोंबड्या, टोपल्या, मिरच्यांची पोती. मी दांडा धरून उभा. वाटेतल्या मालेगावला एक पागोटेवाला आपल्या जागेवरून उठला आणि म्हणाला, "बसा, माय."

तो माझ्या कोपरापाशी पाहत होता. मी अंग चोरून वाट दिली. कोणी पुढे आलं नाही. पागोटेवाला दांड्याला लटकून उभा राहिला आणि सीट तशीच राहिली.

गर्दी इतकी, की श्वास दुसऱ्याच्या मानेवर सोडावा लागत होता. कडेवर पोर घेतलेली एक बाई सीटसमोर होती. तिनं सीटकडे पाहिलं, पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उभीच राहिली. कंडक्टर तिकिटं फाडत आला, माझ्या डाव्या हाताशी थोडा वळला, एखाद्याला धक्का लागू नये असा, आणि पुढे गेला.

माझे पाय भरून आले होते. मी बसू शकलो असतो. मेडशी येईपर्यंत मी त्या सीटकडे पाहिलं नाही.

तिथे रुखमाबाई नावाच्या बाईने खोली दाखवली. मानसं किती, म्हणाली. चार, मी म्हणालो. तिनं माझ्या शेजारी पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी म्हनता तं चार," ती म्हणाली.

मंगरूळ

घरी सांगितलं ते: मिळाली.

झालं ते: दर्ग्याच्या मागच्या बाजूला सुगराबीचं घर. नवरा वारलेला. ती बांगड्या भरायचं काम करायची आणि अंगणापलीकडची खोली भाड्याने द्यायची. भाडं परवडणारं. सकाळची एस्टी वेळेवर. खोलीला खिडकी.

तिनं माझं आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. मी तोंडाशी सगळं तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. फक्त विहिरीवर पाण्याच्या पाळ्या होत्या म्हणून तिनं विचारलं, लोक कितने.

"चार."

इथे गरज नव्हती. इथे पाच म्हटलं असतं तरी खोली मिळाली असती. पण आता तो शब्द माझी वाट पाहत नव्हता.

सुगराबी माझ्या डाव्या बाजूला पाहत होती. इतका वेळ, की शेवटी मीही पाहिलं. भिंत. भिंतीत शेळी बांधायची खुंटी.

"और अम्मा?"

"वारली," मी म्हणालो.

तिनं हात गालाला लावला. दुखवट्यात लावतात तसा नव्हे. एखाद्याला आपल्यासमोर कोणी थोबाडीत मारली तर लावू, तसा. मग तिनं कमरेची किल्ली काढली. माझ्या हातात दिली नाही. ओट्याच्या कडेला, माझ्या डाव्या बाजूला ठेवली. मीच ती उचलली.

आम्ही राहायला आलो. वच्छलानं चूल मांडली, पोरांना शाळेत घातलं आणि मग विचारलं, "आता आत्याबाईले कवा आनता?"

मायला ती आत्याबाईच म्हणायची. आणतो, म्हणालो. या रविवारी ऑफिसचं काम निघालं. त्या रविवारी धाकट्याला ताप आला. खरं कारण मी वच्छलाला सांगू शकत नव्हतो. सुगराबीला सांगून बसलो होतो की माय वारली. वारलेल्या मायला एस्टीतून उतरवून, गाठोड्यासकट, तिच्याच अंगणातून आत कसं न्यायचं? आणि माय अंगणात पाऊल टाकताच हात जोडणार, हे ठरलेलं.

सुगराबी माझ्याशी बोलत नव्हती. संध्याकाळी ऑफिसातून आलो की ओट्यावर तिचा आवाज ऐकू यायचा. कोणाला तरी काही सांगत असायची, मध्येच थांबून ऐकत असायची, हसत असायची. मी अंगणात शिरलो की गप्प. ओट्यावर ती आणि बांगड्यांची टोपली.

शेवटी वच्छला म्हणाली, "तुमाले जमत नसन तं मी जातो आनाले."

मग मी गेलो.

गाव

घराला कुलूप होतं. शेजारची चंपाबाई अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय राह्यलं, गोविंदा? काही भुलला का न्यायचं?"

मी विचारलं, माय कुठे आहे.

ती हसली. "मलेच पुसतं का? परवा तं घिऊन गेला तू तिले. हात धरून नेलं. अन् गाठोडं डोक्यावर. हापिसातला मानूस, अन् डोक्यावर गाठोडं. सारं गाव पाहून राह्यलं व्हतं. मी माह्या पोराले म्हनलं, पाय, लेक असा असाव."

परवा मी ऑफिसात होतो.

हे मी तिला सांगायला हवं होतं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला. मायला नेणाऱ्या त्या लेकाची स्तुती मी उभा राहून ऐकली. वर हेही विचारलं, की जाताना माय काय म्हणाली.

"तूच तं व्हता संगं," चंपाबाई म्हणाली, आणि सूप उचललं.

मंगरूळ, पुन्हा

दिवस मावळायच्या आत पोचलो. सुगराबी ओट्यावर बसून फुटक्या बांगड्या वेगळ्या काढत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि एकदाचं बोललो, की मी खोटं सांगितलं, माझी माय जिवंत आहे.

तिनं मान वर केली नाही.

"मले मालूम हाये. पह्यल्या दिवशी तुमच्या बाजूलेच बसून व्हती. तिच्या तोंडावर तुमी वारली म्हनले."

तिनं फुटकी बांगडी बाजूला टाकली.

"खोली मी तुमाले नाही देली, बाबू. तिले देली. तुमच्यासारख्याले कोन ठेवते?" तिनं एक बांगडी उजेडात धरून पाहिली. "आत व्हा. वाट पाहून राह्यली ते."

घरी सांगितलं ते:

झालं ते: दार उघडंच होतं. वच्छला चुलीपुढे भाकरी थापत होती. "कुठी गेलते?" ती म्हणाली. "आत्याबाई कवाच्या पुसून राह्यल्या."

मला तिनंच धाडलं होतं.

खिडकीखाली एक गोधडी होती. आमची नव्हे. गावची, मायच्या जुन्या लुगड्यांची. विजयमाला तिच्यामागे गुडघ्यांवर बसली होती आणि फणी चालवत होती. हवेत, वरून खाली, सावकाश. मध्येच फणी अडकायची. मग ती दुसऱ्या हाताने काहीतरी धरून, दुखू नये अशा बेताने, गुंता सोडवायची.

धाकटा कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवावं तसा पडला होता. त्याचं डोकं जमिनीला टेकलेलं नव्हतं.

"माय," मी म्हणालो.

विजयमालानं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच, कोणाच्या लक्षात येऊ नये असं, डोळ्यांनी दाखवलं. थोडं इकडे.

मी थोडा इकडे वळलो.

"माय, मी गावाला गेलो होतो. तुला आणायला."

फणी थांबली.

बराच वेळ काही नाही. म्हणजे मला काही ऐकू आलं नाही. वच्छला मात्र थापता थापता ऐकत होती. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. मग तिनं पिठाचा हात तोंडावर धरला, आणि धाकटा पोट धरून हसायला लागला. विजयमालाही. अंगणातून सुगराबीसुद्धा हसली.

माय चांगलं काहीतरी बोलली असणार. तिचं बोलणं असायचंच तसं.

मीही हसलो. एक क्षण उशिरा.

मग सगळे थांबले.

वच्छला माझ्याकडे पाहत होती. पोरं पाहत होती. रागाने नाही. उत्तराची वाट पाहावी, तसं.

मायनं मला काहीतरी विचारलं होतं.

तव्यावरची भाकर करपायला लागली. कोणी मान वळवली नाही.