लाल पट्टीतला काटा

सोनपेठ चार किलोमीटरवर राहिलं होतं आणि जीप धापा टाकत बंद पडली.

ईश्वरीने डॅशबोर्डकडे पाहिलं. तापमानाचा काटा थेट लाल पट्टीत! तिने बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता बाजूला झाली आणि घड्याळ बघत इंजिन थंड व्हायची वाट पाहू लागली. मागे लाकडी खोक्यांत अख्खी प्रयोगशाळा होती... भिंगं, चुंबकं, परीक्षानळ्या. गावोगावच्या शाळांत ती घेऊन जायची, हेच तिचं काम. दोन्ही बाजूंनी ऊस सळसळत होता. जानेवारीचं ऊन अंगावर शालीसारखं पडलं होतं.

पण भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला नुसतं उभं राहवत नाही. तिने रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपला बोटाचं टोक लावून पाहिलं. मग अख्खी मूठ. कोमट!

"असं कसं?"

"मला म्हन्लात?" मागून आवाज आला.

मोटारसायकलवर एक उंच तरुण थांबला होता. बाह्या वर दुमडलेल्या, कानामागे ग्रीसचा काळा ओघळ.

"तुम्हाला नाही. पाइपला म्हणाले."

"बरं." तो गंभीरपणे उतरला. "मग काय म्हंतोय पाइप?"

"पाइप म्हणतो मी कोमट आहे. काटा म्हणतो पाणी उकळतंय. दोघांतला एकजण खोटं बोलतोय."

तो टाकीजवळ गेला. मग म्हणाला, "डिझेल?"

"अर्धी टाकी आहे. हा काय, काटा दाखवतोय ना..."

ती बोलता बोलता थांबली. त्याने बांधावरून तुरीची एक लांब काडी उचलली, पुसली, टाकीत सोडली आणि वर काढली. काडीचं फक्त टोक ओलं होतं.

"मॅडम, गाडी तापली न्हाई. उपाशी हाय."

ईश्वरीला हसू आवरेना. लाजही वाटली, पण हसू मोठं होतं.

त्याने सोनपेठहून कॅन भरून आणला. डिझेल ओतल्यावर इंजिनाजवळचा एक स्क्रू सैल केला आणि अंगठ्याने छोटा पंप मारू लागला. स्क्रूच्या फटीतून फेस यायला लागला. ती इतकी वाकली की तिच्या वेणीचं टोक त्याच्या मनगटाला लागलं.

"हवा शिरलीय ना? हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, म्हणून आधी हवा काढायची!"

"आमी एवढं न्हाई शिकलो. आमी म्हंतो, गाडी रुसली."

"आणि रुसली की?"

"हळूहळू समजूत काढायची... घाई करायची न्हाई." तो बोलला स्क्रूकडे बघून, पण कान लाल झाले ते ईश्वरीने पाहिलंच.

फेस संपला, स्वच्छ डिझेल आलं, जीप सुरू झाली. त्याचं नाव भागवत. परभणीत त्याचं गॅरेज होतं. निघताना ती खिडकीतून म्हणाली, "दोन काटे. दोन्ही खोटे, आणि दोन्ही जास्तच दाखवतात. वर्गात दोन पोरांचं एकच उत्तर चुकलं, तर काय समजायचं?"

"एकाच वहीतून उतरवलंय," भागवत म्हणाला.

ती शाळेपर्यंत ते वाक्य आठवून हसत गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती त्याच्या गॅरेजच्या दारात उभी होती.

"बुधवारी आमच्या संस्थेची बैठक आहे," तिने एका दमात सांगितलं. "सचिव व्यंकटराव ही जीप भंगारात काढणार. जीप गेली की फिरती प्रयोगशाळा बंद, आणि मी पुण्याला. तिथल्या कंपनीत नोकरी ठरलेली आहे."

"तुमाला जायचंय?"

"नाही!" उत्तर जरा जास्तच जोरात आलं. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "आणि हे सगळं या एका चिठ्ठीवरून. ऐका. 'इंजिन सारखे तापते. थकले आहे. आता खर्च करण्यात अर्थ नाही.' कोण हा अडाणी? मोजमाप नाही, काही नाही!"

भागवतने हातातला पाना दोनदा फिरवला.

"अक्षर तर बरं हाय."

"अक्षराला काय करायचंय?"

"...माझंच हाय."

समोरच्या रस्त्यावरून एक ऑटोरिक्षा खडखडत गेली. ती जाईपर्यंत ईश्वरी चिठ्ठीखालच्या गिचमिड सहीत 'भागवत' शोधत होती.

"मागच्या महिन्यात तुमचा आधीचा ड्रायव्हर घिऊन आला हुता. काटा बघितला अन् लिहून दिलं. काल गाडी वळखली मी. पन तुमी हसत हुता... सांगायचं धाडस न्हाई झालं."

चिडायचं ठरवूनही ईश्वरीला चिडता येईना. "'अडाणी' मागे घेऊ का?"

"राहू द्या. बरोबर हाय."

मग दोघं डॅशबोर्डच्या खाली शिरली. एक विजेरी, दोन डोकी आणि वीतभर जागा. दोन्ही काट्यांना मोजून वीज पुरवणारी आगपेटीएवढी एक डबी तिथे होती. दोन्ही पोरांची सामायिक वही! ज्या स्क्रूने ती जीपच्या पत्र्याला जोडली होती, तो गंजून पार तांबडा पडला होता.

"जोड तुटला की ही डबी जास्त वीज सोडते, आणि दोन्ही काटे फुगतात!" ईश्वरी ओरडलीच.

"हळू मॅडम, कान इथंच हाय माझा."

त्याने पॉलिश पेपरने गंज घासला, स्क्रू आवळला. तिने किल्ली फिरवली. डिझेलचा काटा पाव टाकीवर येऊन थांबला... त्याने काडी टाकून पाहिलं, नेमकं तेवढंच! दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली आणि हात सोडायला दोघांनाही थोडा उशीर झाला.

"आता खरं तापमान," ती म्हणाली.

गंगाखेड रस्त्याने वीस किलोमीटर फिरून ती परत आली. भागवतने आधी पाइप धरून पाहिला, मग कापड टाकून रेडिएटरचं झाकण सावकाश उघडलं. तिने प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यात धरला.

"अठ्ठावन्न!"

"लय चांगलं की."

"कसलं चांगलं? ऐंशीच्या पुढे पाहिजे! अहो, हे इंजिन तापत नाहीये, कुडकुडतंय! म्हणून तर डिझेल जास्त पितं, धूर सोडतं." तिचे डोळे चमकत होते. "पाणी गरम होईपर्यंत त्याची वाट अडवणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट. ती उघडीच अडकली असणार. इंजिनावरचा तो वाकडा पाइप उघडा बरं."

भागवतने पाना खाली ठेवला.

"उघडून उपेग न्हाई. आत काईच न्हाई." त्याने मान खाजवली. "दोन वर्षांमागं मीच काढलं. आपल्याकडं ऊन लय, म्हनून समदेच काढतेत. उस्तादानं तसंच शिकवलं, अन् आमी कदी इचारलं न्हाई."

ईश्वरीने जवळचा टायर ओढला आणि त्यावर बसली. "अजून काही आहे का? एकदाच सांगा. मी बसून घेतलंय."

तो आधी लाजला, मग असा मोकळा हसला की हातातला थर्मामीटर बाजूला ठेवून तीही हसली. त्याच्या या हसण्याचं मोजमाप कशात घ्यायचं, ते मात्र तिला शिकवलेलं नव्हतं.

त्याने नवं थर्मोस्टॅट बसवलं. सोमवार, मंगळवार दोघांनी आकडे घेतले. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. काटा मधोमध, शहाण्यासारखा.

"बैठकीत मी तुमचं नाव घेणार नाही," मंगळवारी निघताना ती म्हणाली. "गॅरेजचं नाव खराब कशाला?"

"चिठ्ठीवर सही माझी. मी न्हाई बोललो तर तुमच्या आकड्यावर कोन इश्वास ठेवल?"

"गिऱ्हाईकं तुटतील."

"काई तुटतील बी." तो खांदे उडवून म्हणाला. पण आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळू लागला.

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. ईश्वरीने टेबलावर आकड्यांचा कागद ठेवला आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. चंचुपात्रातल्या पाण्यात दोऱ्याला टांगलेलं, जीपमधल्यासारखंच दुसरं थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. पासष्ट, सत्तर... झडप गच्च मिटलेली. खुर्च्या पुढे सरकल्या. ब्याऐंशीला झडप हळूच उघडली, आणि निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या व्यंकटरावांच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं.

मग भागवत उभा राहिला. "साहेब, इंजिन थकलंय म्हनून लिहिलेली चिठ्ठी माझी हाय. इंजिन चांगलंय. मी बघितलं न्हाई नीट. अन् गाडीतलं असलं यंत्र बी मीच काढून टाकलं हुतं."

"म्हणजे तुम्ही चुकलात?"

"दोनदा."

"मग आता चुकत नाही कशावरून?"

"आता मोजलंय, साहेब."

ईश्वरीने आजवर हुशार माणसं पुष्कळ पाहिली होती. पण चारचौघांत, आवाज खाली न आणता 'दोनदा' म्हणणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तिने दिव्यावर झाकण ठेवून तो विझवला.

व्यंकटरावांनी चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली. "जीप राहील. पण पुन्हा वाटेत बंद पडली तर? जबाबदारी कोणाची?"

"माझी," भागवत म्हणाला. "दर रविवारी तपासून देईन."

बाहेर व्हरांड्यात ईश्वरीने पुण्याला फोन लावला. दोन वाक्यांत नकार कळवला. भागवत खांबाला टेकून, ऐकत नसल्यासारखा ऐकत होता.

"दर रविवारी कशाला?" फोन ठेवून ती म्हणाली. "महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे."

"गाडीला पुरे हाय." तो खांबापासून पुढे आला. मग थेट तिच्या डोळ्यांत बघितलं. "मला न्हाई पुरायचं."

ईश्वरीला हसू फुटलं.

"आज बुधवार," तिने बोटं मोजली. "रविवारला अजून चार दिवस आहेत."

"मग?"

"मग काय? इतकं कोण थांबणार? उद्या ये."