काचेतल्या मॅडमची बदली

चौगुले आजोबांनी पेन्शनचं पासबुक काउंटरवर सरकवलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही खऱ्या की काचेतल्या?"

"काचेतली. अंगठा इथं ठेवा."

"बरं झालं. खऱ्या जेवायला जातात."

काउंटरच्या काचेवर दिसत होती ती हेमांगी सातपुतेची 'प्रतिकर्मी'. बँकेनं प्रत्येक कर्मचाऱ्याचं बोलणं, सवयी, चिडचिड, सगळं वर्षानुवर्षं टिपून यंत्राला शिकवलं होतं. माणूस रजेवर गेला की त्याची प्रतिमा काचेवर कामाला लागायची. खरी हेमांगी इचलकरंजीतच, घरी सोफ्यावर आजारी होती. तब्येत ठणठणीत होती. आजारपण संघटनेच्या सल्ल्यानं आलं होतं.

तिची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, धडगावला होणार अशी कुजबुज सुरू झाल्याबरोबर संघटनेचे शिरगुप्पे म्हणाले होते, "मॅडम, आदेश हातात पडत नाही तोवर बदली होत नसते. पाठ दुखतीय म्हणा. पाठदुखी कुणाला दिसत नाही. तोवर कोर्टातनं स्थगिती आणू."

धडगावशी हेमांगीचं काही वाकडं नव्हतं. पण तिच्या मिहिकाला ऐकू येत नसे. ओठ वाचायला आणि बोलायला शिकवणारी तिची शाळा इथं होती, तिथं नव्हती. घरात दोघींखेरीज तिसरं कुणी नव्हतं.

सगळ्या बँकेत बदल्या अशाच चुकवल्या जात. फक्त एक गोष्ट शिरगुप्प्यांच्या ध्यानात आली नाही. आदेश शाखेत आला तेव्हा हेमांगी सातपुते शाखेत होती. काचेत.

तिनं आदेश मिळाल्याची पोच दिली. निरोप समारंभात मॅनेजरांनी काचेसमोर नारळ ठेवला, दोन शब्द बोलले आणि नारळ घरी नेला. दुपारच्या आत ती धडगावच्या काचेवर रुजूसुद्धा झाली.

हेमांगी कोर्टात गेली. सुनावणीला मिहिकालाही न्यावं लागलं. घरी सांभाळणार कोण?

"याचिकाकर्त्या रुजू झाल्या आहेत," बँकेचे वकील म्हणाले. "धडगावकर खूश आहेत."

"ती मी नाही!" हेमांगी उभी राहिली.

"तुमच्या जागी काम कोण करतं?"

"ती."

"पगार कोण घेतं?"

हेमांगी खाली बसली.

न्यायमूर्ती चष्मा पुसत म्हणाले, "त्यांनाच विचारू."

भिंतीवरचा पडदा उजळला. हेमांगीचाच चेहरा, तीच कपाळावरची बट. तिनं नमस्कार केला.

"साहेब, माझी बदली रद्द करा. मला एक मुलगी आहे."

हेमांगीच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडून गडगडत बाकांखाली गेली. उचलायला कुणी वाकलं नाही.

"हिला कुठली मुलगी?" तिचा आवाज चिरकला.

"मिहिका," पडदा म्हणाला. "शाळा सुटली की मी रोज तिला व्हिडिओ कॉल करते. बँकेतून तसा करायची सवयच आहे ना माझी. काउंटर सांभाळत करते, साहेब, कामाचा खोळंबा नाही. पण तिच्याजवळ असायला हवं मला."

हेमांगीनं शेजारी पाहिलं. मिहिका पडद्याकडे बघून हात हलवत होती.

"तू रोज बोलतेस हिच्याशी?"

"तू वकीलकाकांशी बोलत असतेस तेव्हा," मिहिका एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाली. "तिचे ओठ मला नीट कळतात. ती माझ्याकडे बघून बोलते."

न्यायमूर्तींनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोघींची विनंती एकच आहे, कारणही एकच आहे. मुलीला आईपासून तोडता येणार नाही. हेमांगी सातपुते यांची बदली रद्द."

"जिंकलो!" मागून शिरगुप्पे ओरडले.

"आदेश मान्य आहे," बँकेचे वकील फाइल मिटत म्हणाले. "धडगावला रुजू झालेल्या मॅडम उद्या परत येतील."

पडद्यावरची हेमांगी डोळे पुसून हसली. बाकावरच्या हेमांगीला हसू फुटेना. मिहिकानं तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"आई, ती घरी आली, की तुझी बदली कुठे होणार?"