बहात्तर टक्क्यांवर अडलेलं पान

तो खरं तर वही घ्यायला आला होता. पण दुकानातली वह्या बांधणारी मुलगी कॉम्प्युटरला इतकं मनापासून झापत होती, की त्याला हसूच आवरेना.

"त्याला काय कळतंय?" तो म्हणाला.

"कळत नाही म्हणूनच तर..." ती वळली, आणि पुढचं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

दुकानाची वेबसाइट ती स्वतःच तयार करत होती. तयार मांडणीची फाइल चढवली की पानं आपोआप लागायची. पण फाइल जरा अडली की ही पुन्हा बटण दाबायची. अशा एकाच फाइलच्या अकरा प्रती रांगेत अडकल्या होत्या. त्याचं कामच वेबसाइटचं. त्याने दहा काढून टाकल्या.

"एकदा दाबायचं आणि हात मागे घ्यायचा."

"तेवढंच तर जमत नाही मला."

मग तो येतच राहिला. कधी रंग बदलायला, कधी उगाच...

"महिन्याभरात सात वह्या नेल्या ह्याने," मागे शिवत बसलेली मावशी म्हणायची. "लिहितो तरी काय एवढं?" आणि ही मान खाली घालून डिंक ढवळत राहायची.

उद्या तो दुसऱ्या गावी नोकरीवर जाणार होता. बोलायचं तर आजच, नाहीतर राहिलंच. ती सकाळपासून शब्द जुळवत होती, आणि नेमकी नवी मांडणी बहात्तर टक्क्यांवर रुतून बसली.

"एकदाच दाबलंय, शपथ."

त्याने नोंदींचं पान उघडलं. घोडं कुठे अडलंय ते तिथे कळतं. "एक फोटो आहे. बाकीच्यांच्या वीसपट मोठा."

ती पुढे झेपावली. "नको उघडूस—"

पण तोवर फोटो पडद्यावर आला होता. खिडकीतल्या उन्हात, तळहातावर हनुवटी टेकून बसलेला... तोच. वह्यांच्या फोटोंबरोबर चुकून गेलेला.

"हा पण विकायला ठेवलायस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. तो माझा आहे." आता माघार नव्हती. "मला तू आवडतोस. उद्या जाणारेस, म्हणून आज सांगतेय."

मग त्याने पिशवीतून सातही वह्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. सगळ्या कोऱ्या.

"दर शनिवारी येईन," तो म्हणाला. "आठवी बांधून ठेव."

त्याने फोटो बाजूला काढला. तिने बटण दाबलं, एकदाच. हात मागे घ्यायला गेली, तर त्यावर त्याचा हात होता.

त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर... दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. शंभर झाल्याचं मावशीने सांगितलं.