चौथ्या नळीवरचा अंगठा

ती गाडीखाली आडवी पडून पान्यावर हातोडी मारत होती. पुढचा घाव घालणार, एवढ्यात तिच्या डोक्याशी दोन पांढरे बूट येऊन उभे राहिले.

"कोणी आहे का आत?" बुटांनी विचारलं.

आठवडाभर विमा कंपनीत लोकांचे फोन घ्यायची सवय! तोंडातून आपसूक निघून गेलं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

बूट एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "हातोडी थांबवू शकता. समोर माझा दातांचा दवाखाना आहे. खुर्चीत चांगला दांडगा गडी बसला होता. मी नुसता आरसा हातात घेतला, आणि इकडून... ठण्ण! त्याला वाटलं, आपल्याच जबड्यातून आवाज आला. पळाला हो! गळ्यातल्या रुमालासकट पळाला!"

ती इतकी हसली की कपाळ गाडीला आपटलं. घसरत बाहेर आली तेव्हा तोंडभर काजळी होती, केसात गंज होता आणि समोर एक उंच, पांढऱ्या कोटातला माणूस हातमोजे घालून उभा होता. ओठ गंभीर ठेवायची त्याची धडपड चालली होती, पण डोळे आधीच हसून मोकळे झाले होते. तिला उगाचच केस सावरावेसे वाटले... आणि सावरले तर आणखी गंज लागला!

"सॉरी हं, डॉक्टर. पण आज मी थांबले तर माझी गाडी गेली."

गाडी खरं तर आत्याची. लाल, दोन दारांची, तोरा मिरवणारी. शाळेत असताना गिअरवर आत्याचा हात आणि त्यावर हिचा हात, अशी ती गाडी चालवायला शिकली होती. पुढे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या जुन्या मॅनिफोल्डला तडा गेला आणि गाडी अंगणात आच्छादनाखाली पडून राहिली. शेवटी आत्या वैतागली. "आज संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. त्याच्याआधी सुरू केलीस तर तुझी. नाहीतर त्याची." आत्याचा शब्द म्हणजे शब्द, तिथे लाडीगोडी चालत नाही.

म्हणून तर तिने त्या मॅनिफोल्डच्या जागी बसवायला चार चकचकीत नळ्यांचा नवा हेडर मागवला होता. जुना निघाला की तो बसणार. पण जुन्याचा एकच नट अडून बसला होता... तोही पार मागे, जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही.

"आता पान्याला लांब पाइप लावते," ती बाह्या सरसावत म्हणाली. "निघत नाही म्हणजे काय!"

"थांबा, थांबा! ज्याच्यावर नट बसलाय तो खिळा आतच तुटला तर?"

"तर इंजिन उघडावं लागेल. म्हणजे संपलंच."

"अहो, मग असं दरोडेखोरासारखं काय करताय? दाढ काढताना आम्ही ओढत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे... हलवत राहतो. तीच सैल होते."

"नट आहे तो, दाढ नाही."

"नखरे तर तेच दिसतायत," तो म्हणाला आणि हातातला छोटा आरसा सरळ इंजिनमागे सरकवला. आरशात तो गंजलेला नट तिला पहिल्यांदाच दिसला. आणि नटाच्या पलीकडे, कोपऱ्यात, त्याचा एक डोळा. तिच्याकडे बघणारा.

"डॉक्टर... आरसा नटाकडे धरा."

"नटाकडेच आहे."

"नाहीये."

तिने तेल सोडलं. पाना किंचित घट्ट केला, किंचित सैल... पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. त्याचा श्वास तिच्या कानाशी, तिचा श्वास तर केव्हाचा अडकलेला! आणि मग... कुर्रर्र! नट फिरला. ती आनंदाने किंचाळली, वरच्या खिडकीतून आत्या ओरडली, "तुटलं का गं?"

"सुटलं, आत्या! सुटलं!"

डॉक्टर दवाखान्यात परत गेलेच नाहीत. पाने देत राहिले, चुकीचे देत राहिले, बोलणी खात राहिले. नवा हेडर जागेवर बसला, नट आवळून झाले. उन्हं कलायला लागली.

"आता स्पिरिटने पुसायचं," ती म्हणाली. "बोटाचा एकही ठसा नको. पहिल्यांदा तापलं की स्टीलवर तो कायमचा भाजला जातो. तुमचं बरंय, हातमोजे काढतच नाही तुम्ही!"

"उघड्या हाताने कशालाही हात लावायचा धीरच होत नाही," तो हळूच म्हणाला. "सवय..."

तिने चारही नळ्या लखलखीत पुसल्या आणि किल्लीकडे वळली.

"एक मिनिट."

त्याने उजवा हातमोजा काढला. आणि चौथ्या नळीवर, मधोमध, अंगठा दाबला.

"अहो! काय केलंत हे! आत्ता सांगितलं ना, कायमचा राहील म्हणून!"

"ऐकलं ना." त्याचे कान लाल झाले होते. "कायमचं राहावं... असं वाटतंय म्हणून तर. नको असेल तर पुसून टाका. फडकं तुमच्याच हातात आहे."

फडकं खरंच तिच्या हातात होतं. तिचं काळीज असं धडधडत होतं की आत्याला खिडकीत ऐकू जावं. सकाळपासून तिला फक्त ही गाडी हवी होती. आता तेवढ्याने भागणार नव्हतं, हे तिला लख्ख कळलं.

तिने फडकं खिशात कोंबलं. त्याच्या ठशाशेजारी आपला काळा अंगठा टेकवला आणि फोनवरच्या त्या गोड आवाजात म्हणाली, "आपली विनंती मान्य करण्यात आली आहे."

मग धावत जाऊन तिने किल्ली फिरवली. एकदा... नुसतंच खरखरलं. दुसऱ्यांदा गाडी अशी गरजली की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या! नळ्या सोनेरी होत गेल्या आणि चौथीवरचे दोन अंगठे गडद उमटले.

"गिऱ्हाइकाला सांगते, गाडी गेली म्हणून!" आत्या वरून ओरडली.

तेवढ्यात समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर सकाळचा तो दांडगा गडी रुमाल परत करायला आलेला दिसला. गाडीची गर्जना ऐकली आणि आल्या पावली पळत सुटला.

"डॉक्टर, तुमचा पेशंट!"

"जाऊ दे," तो म्हणाला. त्याचा उघडा हात तिच्या तेलकट हातात होता, आणि तो सोडवून घ्यायची त्याला मुळीच घाई नव्हती.