मेले किती?

खाडीच्या धक्क्यावर होड्यांची बुडं खरवडणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. नवा काळा लेप एकदा फवारला की होडीला ना शेवाळ चिकटे, ना शिंपलं. हेमांगीचा भाऊ दिनू वर्षभर तिथेच फवारणीला होता. लेपात कार्बनचे अतिसूक्ष्म कण होते, केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे. ते झिजून पाण्यात उतरत. उतरून काय करत, हे तपासायचं काम प्रयोगशाळेत हेमांगी मालंडकरचं.

काम कसलं, देखावा. टाकीत कण मिसळायचे, वीस शिंपले सोडायचे, चार दिवसांनी मोजायचे. फॉर्मावर रकाना एकच : मेले किती? आज पाचव्यांदा उत्तर शून्य. तिची सही झाली की किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांना हा लेप सक्तीचा होणार होता.

"सही कर आणि मोकळी हो," केळुसकर साहेब म्हणाले. "चारला लेपाच्या कंपनीची माणसं येतायत."

तेवढ्यात आई तिचा विसरलेला डबा घेऊन आली. सुगंधाबाईचा जन्म बाजारात शिंपले विकण्यात गेलेला. टाकी दिसताच तिने सरळ हात घातला.

"आई, हातमोजे!"

"गप गो." तिने दोन शिंपले एकमेकांवर टकटक आपटले. विकायच्या आधी प्रत्येक बाई आपटते तसे. जिवंत शिंपला टकटक ऐकली की मिटतो. हे दोन्ही आ वासून तसेच.

"मग मेलेच म्हणायचे की तुमच्या शास्त्राप्रमाणे," साहेब हसले.

"मेले असते तर घाण नसती मारली?" आईने आतल्या मांसाला नख लावलं. मांस थरथरलं. शिंपला उघडाच. "जिते हत. पण मिटनत नाय. बाजारात पण हल्ली असलेच येतत. माका वाटला, उन्हान."

हेमांगीने वीसच्या वीस ठोकून पाहिले. सतरा मिटले नाहीत. कणांनी आत नक्की काय बिघडवलं, तिला ठाऊक नव्हतं. ते शोधा असं कुणी सांगितलंच नव्हतं. न मिटणारा शिंपला म्हणजे कुर्ली-खेकड्याच्या तोंडी आयता घास. पण टाकीत कुर्ली नसते. म्हणून सगळे जिवंत. म्हणून सगळं सुरक्षित!

"नियमात मिटण्याचा रकाना नाही," साहेबांचा आवाज उतरला. मग ते आईकडे वळले. "आणि सुगंधामावशी, हे बाहेर गेलं तर तुमचे शिंपले कोण घेणार?"

आईने हातातला शिंपला टाकीत सोडला. "नाय घेतले तर नाय घेतले."

हेमांगीने फॉर्मावर रेघ ओढून नवा रकाना आखला. मिटले किती? तीन. खाली ठसठशीत सही केली.

साहेब फोनकडे धावले. आई मात्र ओले हात पदराला पुसत टाकीकडेच बघत होती.

"चेडवा," ती लेकीला हळू म्हणाली, "आपलो दिनू गेले पंधरा दिवस झोपता ना, तेव्हा त्याचे डोळे अर्धे उघडेच असतत. माका वाटला, दमता म्हणान." तिने टाकीतला एक शिंपला उचलून पुन्हा काठावर ठोकला. तो उघडाच राहिला. "त्याची टकटक कशी करूची गो?"