खंडेनवमीचं पान

साडेतीनला प्रणिता रडतच क्रीडा विभागात आली, तेव्हा छबुबाई बॉलमध्ये हवा भरत होत्या. पंप तसाच टाकून त्या तिच्याबरोबर प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

कॉलेजच्या फुटबॉल नोंदवहीत प्रणिताचं नावच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाचा कप आणणाऱ्या संघाच्या यादीत तिच्या जागी राजनंदिनी होती. एका पुढाऱ्याची ही लेक मैदानात कधी उतरलीच नव्हती. पोलीस भरतीच्या खेळाडू कोट्यासाठी मूळ वही त्याच दिवशी पाचच्या आत बीडच्या क्रीडा कार्यालयात दाखवायची होती. पुढच्या महिन्यात प्रणिताचं वय निघून जाणार होतं.

प्राचार्यांनी क्लार्क बंकटला धारेवर धरलं होतं. वही ठेवायच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, दुसरी प्रशिक्षक केदारनाथ सरांकडे. नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, त्यामुळे हात कुणाचा ते कळेना. नोंदी बंकटच करतो, आपण फक्त सही करतो, असं सरांनी शांतपणे सांगितलं.

छबुबाई सव्वीस वर्षं इथं शिपाई होत्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना त्यांनी वही मागितली, तेव्हा प्राचार्यांना हसूच आलं. बाईंनी मनावर घेतलं नाही. खिडकीपाशी जाऊन त्यांनी वही उघडली. डाव्या पानावर बोटाएवढा लाल ठसा होता. उजवं, यादीचं पान स्वच्छ होतं.

"बंकट, खंडेनवमीला पूजेचं ताट कोण धरतं?"

"मीच की. दर साली."

"आन् सर, तुमी कुठं असता?"

"दसऱ्याला मी पाटोद्याला, घरी. का?"

"आमी बॉल, जाळी, शिट्टी आन् ही वही पुजतो. शेवटच्या लिहिलेल्या पानाला मी ओल्या कुंकवाचं बोट लावते आन् वही मिटते. समोरच्या पानावर ठसा उठतो. त्या साली कपाचंच पान शेवटचं व्हतं. आता ठसा हाय, कुंकू न्हाई. पान बदललंय. बंकटनं बदललं असतं, तर कुंकू लावायला इसरला नसता. तुमाला तो नुसता डाग वाटला, सर."

केदारनाथ सर खुर्चीत बसले. अकरा वर्षं कंत्राटावर काढली होती. राजनंदिनीच्या वडलांनी कायम करायचा शब्द दिला होता.

"माझं पान कुठंय, सर?" प्रणितानं विचारलं. सव्वाचार झाले होते. पान जाळलं असेल, असंच छबुबाईंना वाटलं.

सरांनी बॅग उघडली आणि घडी केलेलं पान टेबलावर ठेवलं. कुंकवाचा टिळा प्रणिताच्या नावावरच होता. कपाच्या सामन्यातला गोल कुणी केला आणि तिचं नाव कुठलं, ते बंकटला विचारूनच बाईंनी तेव्हा बोट टेकवलं होतं.

"फाडवलं न्हाई," सर म्हणाले. "आपल्या टीमचा एकच कप हाय तो."

"साहेब, खरं काय ते आधी लिहून सही द्या," छबुबाई प्राचार्यांना म्हणाल्या. "रागवायचं मागून बघा."

पत्र, पान आणि वही घेऊन प्रणिता आणि बंकट रिक्षात बसले. पाचला सहा मिनिटं असताना छबुबाईंना बंकटचा फोन आला. कार्यालयानं कागद घेतले होते.

"झालं का तिचं?" सरांनी विचारलं.

बाईंनी कपाटाच्या किल्लीसाठी त्यांच्यापुढं हात केला.