फोटोपुरती आई

“मावशी, एका फोटोपुरती माझी आई होशील?”

इंद्रजीतने हे इतक्या सहज विचारले, की कणकेची परात हंसाबाईच्या हातात तशीच राहिली... छत्तीस वर्षांचा झाला होता तो, दिग्रसच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता; पण हंसाबाईची थोरली बहीण जया गेल्यावर तिच्या दोन वर्षांच्या ह्या लेकरासाठी जिने विसाव्या वर्षी मेव्हण्याशी लग्न केले, स्वतःचे मूल होऊ दिले नाही, तिला त्याने कधी ‘याडी’ म्हटले नव्हते. त्यांच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. “याडीच्या जागी दुसरं कोणी बसत नसते,” असे तो सात वर्षांचा असताना म्हणाला होता, आणि ते त्याने आजवर पाळले होते!

नव्या घराच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचा, धावजीचा फोटो लागला होता. शेजारची जागा रिकामी होती. जयाचा एकही फोटो कधी निघालाच नव्हता. पण दोघी बहिणींचा चेहरा एकच, असे तांड्यातले म्हातारे अजून सांगत.

“याडीचा फेटिया-कांचळी घालावी लागन तुले,” तो म्हणाला. “अन् केसात चांदीची घुगरी-टोपली. ते सवाष्ण गेली ना.”

“अहो, डोकं हाय का ठिकाणावर?” त्याची बायको राखी चुलीपासून उठलीच. “मामंजीले जाऊन चार वर्ष झाले. विधवा बाईच्या केसात सवाष्णीची चांदी घालता? अन् जित्या माणसाच्या फोटोले हार?”

“हार याडीले राहीन. मावशीले कायले लागते?”

चंदनाचा हार त्याने आणूनही ठेवला होता, खोक्यात.

आयुष्यभर ज्या जागी बसू दिले नाही, तिथे आज हा मला बसवतो आहे... पण मेलेली म्हणून! तरी हंसाबाई हसली.

“काढ वं राखी पेटीतून. माह्या थोबाडाचा कोणाले तरी उपेग होऊन राह्यला, होऊ दे.”

अंगावरचे निळे पातळ उतरवून तिने घडी करून पेटीवर ठेवले. जयाचा लाल फेटिया, आरसे जडवलेला घागरा, चौतीस वर्षांनी उघडला. आरशाचे तुकडे लख्ख होते, एकावरही डाग नव्हता. जया सडपातळ होती. हंसाबाईची कंबर तिच्याहून चांगली टीचभर मोठी. नाडी पुरणारच नाही, मागे पिन लावू, असे दोघींनी ठरवले होते. पण नाडी पुरली. पुरून वर गाठीलाही उरली.

“मावशी...” राखीचे हात थांबले. “तुम्ही बारीक झाल्या का?”

हंसाबाईच्या कमरेला कापड गार लागत होते, नुकतेच कोणीतरी ओल्या अंगावरून उतरवल्यासारखे.

सकाळचे अकरा वाजले होते. दिग्रसहून आलेल्या मंदार फोटोग्राफरने अंगणात खुर्ची मांडली, आठ फुटांवर कॅमेऱ्याचे तिकाटणे उभे केले. इंद्रजीत कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहिला, त्याच्या मागे नुसते मोकळे अंगण. राखी दारातून पाहत होती, अंगणात यायला तयार नव्हती.

“काकू, हनुवटी वर. हां! आता पोराकडे पाहा.”

तिने इंद्रजीतकडे पाहिले... आणि तिला त्याची मान दिसली. मागची बाजू! केसांच्या कडेखाली तो पांढरा डाग, पाचव्या वर्षी काटेरी कुंपणात पडला होता तेव्हाचा, ज्यावर तिने एकवीस दिवस हळद भरली होती. तो तर समोर, तिच्याकडे तोंड करून उभा होता. मग हे कोण पाहत होते? तिला वाटले आपण ओरडू, पण खुर्चीवरचे तोंड मिटलेलेच राहिले. ते शांत हसत होते.

कॅमेरा वाजला.

मंदारने फोटो मोठा करून दाखवला. “साहेब, आरसे पाहा कसे चमकून राह्यले.”

इंद्रजीत वाकला आणि वाकलेलाच राहिला. कापडावर शिवलेले आरसे एका दिशेला कधीच नसतात. एकात आभाळ दिसायला हवे, एकात जमीन, एकात काहीच नाही. हेच तो पोरांना शिकवत असे. इथे प्रत्येक आरशात एकच चित्र होते. त्यात तो स्वतः उभा होता... आणि त्याच्या मागे, खांद्यावर हात ठेवून, निळ्या पातळातली बाई!

त्याने वळून पाहिले. अंगण मोकळे होते. तो धावत घरात गेला. निळे पातळ पेटीवर घडी करून ठेवलेले होते, त्याची घडीही हलली नव्हती. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मावशी, फोटो काढताना काय दिसलं तुले?”

“काही नाही रे.”

“खरं सांग.”

“तुह्या मानेवरचा डाग,” ती हळूच म्हणाली. “हळदीचा.”

तो खुर्चीपुढे मटकन बसला. आपल्या मागे नेहमी कोण उभे होते? दहावीच्या निकालाच्या दिवशी, वडिलांच्या चितेपाशी, स्वतःच्या लग्नात... वळून पाहायचे त्याला कधी सुचलेच नव्हते!

“याडी!” त्याने तिच्या मांडीवर डोके टाकले. “माफ कर वं याडी... म्या तुले मेलेली व्हायले लावलं!”

“चूप, वेड्या,” ती रडत म्हणाली. “तुही याडी ऐकून राह्यली.”

आणि तेवढ्यात कमरेची नाडी ताणली गेली. गाठ आपोआप सुटली. राखी धावली, दोन्ही टोके धरून ओढू लागली. टीचभर अंतर काही केल्या मिटेना.

“राहू दे,” इंद्रजीत म्हणाला. “याडी, तुहं निळं पातळ नेस. मंदारभाऊ, अजून एक काढायचा हाय.”

आता धावजीच्या शेजारी दोन फोटो आहेत. पाहुणे विचारतात, ह्यातली गेलेली कोणती? इंद्रजीत म्हणतो, दोघी याडीच आहेत. पहिल्या फोटोतल्या आरशांत आता आभाळ दिसते, जमीन दिसते, जसे दिसायला हवे तसेच. दुसऱ्या फोटोत निळ्या पातळातल्या हंसाबाईच्या खांद्यावर मात्र कापड चार बोटांच्या आकारात दबलेले आहे.

चंदनाचा हार खोक्यातच आहे. तो कोणाला घालायचा, हे घरात कोणी ठरवत नाही.